वाकडं बोट, काळं नख, कुरूप, चिखल्या: पायाची बोटं घरी कशी तपासायची आणि कुठे थांबायचं

पायाच्या बोटांकडे आपलं लक्ष जातं ते दुखायला लागल्यावर. पण ज्या बोटाला दुखणं कळतच नाही, त्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं. म्हणून कुरूप, वाकडेपणा किंवा नख यांपैकी कशावरही उपाय करण्याआधी बोटांना स्पर्श कळतो का, हे पाहायचं. एरवी चालणारा घरगुती उपाय बधिर बोटावर केला की त्याची जखम होते. खालच्या पायऱ्या म्हणूनच याच क्रमाने कराव्यात.

तयारी फार नाही. सकाळचा चांगला उजेड, बसायला स्टूल, दोन कोरे कागद, पेन्सिल, सुती फडकं आणि मदतीला घरातलं एक माणूस. तळवा स्वतःला दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा. पाय आधी धुऊन कोरडे करा, नखांवर रंग असेल तर काढून टाका.

पहिली पायरी: स्पर्श

ही चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांसाठी तयार केली. तिला कसलंही उपकरण लागत नाही. ज्याचे पाय तपासायचे त्याला पाय पसरून झोपवा. दोन्ही पायांना हात लावून ‘हा उजवा, हा डावा’ असं एकदा सांगा आणि डोळे मिटायला लावा. स्पर्श कळला की त्याने फक्त ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं.

आता तर्जनीचं टोक बोटाच्या टोकाला अलगद टेकवा, एक ते दोन सेकंदच. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजव्या पायाचं मधलं बोट, डाव्याचं मधलं बोट. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. उत्तर आलं नाही तर पुन्हा जोरात लावून बघायचंही नाही. घरच्यांची चूक नेमकी इथेच होते. ‘आता कळलं का?’ म्हणत दाबत गेलं की खोल दाब कळतो, माणूस ‘हो’ म्हणतो आणि चाचणी वाया जाते.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरा. दवाखान्यात मग 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि 128 हर्ट्झचा कंपनकाटा वापरून खात्री करतात. आपल्याकडे बधिरपणाचं सर्वांत मोठं कारण मधुमेह. साखर कधी तपासलेली नसेल तर ती आता तपासा. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासतात. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात. वेळेत सुरू केली तर बोटं वाकडी होणं टळू शकतं.

बधिरपणा आणि वाकडेपणा यांचा संबंध सरळ आहे. पंजातले लहान स्नायू बोटं सरळ धरून ठेवतात. त्यांची नस गेली की ते वाळतात, आणि पोटरीतून येणाऱ्या लांब कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) बोटांना ओढून नखीसारखं वाकवतात. मग पेराचं टोक वहाणेच्या पट्ट्याला घासतं, बोटाचं टोक जमिनीवर आपटतं आणि चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकल्यामुळे हाडं थेट टेकतात. या तिन्ही जागी आधी घट्टा पडतो आणि त्या घट्ट्याखाली जखम होते. दुखत नसल्यामुळे ती कळते मोज्याला डाग पडल्यावर.

दुसरी पायरी: रक्तपुरवठा

अंगठ्याचा गर पाच सेकंद दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पूर्ववत व्हायला हवी. निफाडच्या थंडीत पहाटे ही चाचणी केली तर वेळ लागणारच, पाय ऊबदार असतानाच करा. मग पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या कंडरेच्या बाहेरच्या बाजूला, दोन बोटं हलकी ठेवून नाडी शोधा. काही निरोगी माणसांनाही ती तिथे लागत नाही. अशा वेळी आतल्या घोट्याच्या मागे बघा.

चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर जाणं, रात्री बोटं ठणकणं आणि पाय खाटेखाली सोडल्यावर बरं वाटणं, पावलावरची लव जाऊन कातडी चकचकीत होणं ही रक्त कमी पोचत असल्याची लक्षणं आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत, पंचेचाळिशीच्या आतच, बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन बोटाचं टोक काळं पडण्याचा एक आजार आहे. बर्जर त्याचं नाव. त्यात तंबाखू पूर्ण सुटली नाही तर बाकी उपचार फारसे टिकत नाहीत. ‘पूर्ण’ म्हणजे मिश्रीसुद्धा.

मधुमेहींसाठी एक बारकावा. घोट्याचा रक्तदाब मोजून रक्तपुरवठा ठरवण्याची पद्धत त्यांच्यात फसू शकते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या कडक झाल्यामुळे आकडा खोटाच चांगला येतो. बोटांच्या रक्तवाहिन्या सहसा त्यातून वाचतात, म्हणून अशा रुग्णाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. जखम भरत नसेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

तिसरी पायरी: आकार

अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन फरशीवर उभे राहा. बसून पाहिलं तर निम्मा वाकडेपणा लपतो.

अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकला असेल आणि आतल्या बाजूला उंचवटा आला असेल, तर ते नवीन हाड वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, कलतं आणि त्याचं डोकं तिथे टेंगळासारखं दिसतं. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत हे हाड आणि अंगठा यांतला कोन 15 अंशांच्या पुढे गेला की तो दोष धरतात, 40 च्या पुढे तीव्र. घराण्यात असेल तर होण्याची शक्यता जास्त, आणि बायकांत जास्त दिसतो. चिंचोळी पादत्राणं त्यात भर घालतात.

बाकीच्या बोटांत कोणतं पेर वाकलंय ते पाहा. मधलं पेर वर उचललेलं म्हणजे हातोडीसारखं बोट, फक्त टोकाचं पेर खाली वळलेलं हा दुसरा प्रकार, आणि मुळाशी वर उठून पुढची दोन्ही पेरं खाली वळलेली असतील तर नखीसारखं बोट. बऱ्याच बोटांना, दोन्ही पायांत, असं नखीसारखं वळण येऊ लागलं असेल तर ते नसांचं दुखणं समजून डॉक्टरांकडे जा, चपलेला दोष देत बसू नका.

नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की बोट अजून लवचीक आहे का. खुर्चीवर बसा, पाय सैल सोडा आणि चवड्याखालून, वाकड्या बोटाच्या मुळाशी, हाताच्या अंगठ्याने वर दाबा. बोट आपोआप सरळ झालं तर ते लवचीक आहे, वेळ हातात आहे. नाही झालं तर सांधा आखडला आहे. मग व्यायामाने तो सरळ होणार नाही, वहाणेत जागा करून देणं किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग उरतात.

लवचीक बोटासाठी अर्धा इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी घ्या. तिचा मध्य बोटाच्या मुळाशी वरून ठेवा आणि दोन्ही टोकं बोटाच्या दोन बाजूंनी खाली आणून, बोट किंचित खाली दाबलेलं राहील असं, चवड्याखाली चिकटवा. पूर्ण वेढा द्यायचा नाही, रक्त अडतं. दिवसा लावा, रात्री काढा. बधिर पायावर हे करू नका. त्याबरोबर पोटरी ताणण्याचा व्यायाम करा: हात भिंतीवर, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, 30 सेकंद, तीन वेळा, रोज. पोटरी आखडलेली असली की चवड्यावर भार वाढतो, म्हणून बोटांच्या दुखण्यात हा व्यायाम येतो.

बोटांच्या फटीत घालायचे सिलिकॉनचे तुकडे आणि रात्री बांधायचे पट्टे बाजारात खूप मिळतात. त्यांनी घासणं आणि दुखणं कमी होतं. वाकलेला अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही, तसं सांगून कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. अंगठ्याची शस्त्रक्रिया दुखतं म्हणून करावी, दिसण्यासाठी करू नये. त्यानंतर साधारण सहा आठवडे खास बूट घालून चालावं लागतं आणि सूज कित्येक महिने राहू शकते. द्राक्षांच्या हंगामात बागेत उभं राहायचंय, अशा माणसाने तारीख ठरवताना याचा विचार करावा. मधुमेहीचं नखीसारखं बोट लवचीक असेल आणि टोकाला सारखा घट्टा पडत असेल, तर बोटाखालची कंडरा एका बारीक छेदातून सैल करण्याचा छोटा उपाय असतो. तो वेळेत झाला तर जखम टळते.

अंगठा वाकडा नाही पण वर उचलत नाही, चालताना मुळाशी दुखतं, असं असेल तर सांध्याची झीज आहे. इथे लोक मऊ, दुमडणारा बूट घेतात आणि दुखणं वाढवून घेतात. अशा पायाला कडक तळाचा, पुढे किंचित वर वळलेला बूट हवा, म्हणजे अंगठ्याला वाकावंच लागत नाही.

चौथी पायरी: वहाण कागदावर ठेवून बघा

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहा. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ मारून घ्या. दोन्ही पावलांची, कारण दोन्ही सहसा सारखी नसतात. आता रोजची वहाण त्या आकृतीवर ठेवा. रेघ वहाणेबाहेर दिसली तर बोटं रोज तितकी दाबली जातायत. सर्वांत लांब बोटापुढे 1 ते 1.2 सेंटिमीटर जागा हवी. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेव्हा माप त्याचं.

मागे पट्टा नसलेली चप्पल पायात टिकवायला बोटं प्रत्येक पावलाला आकडा करतात. वाकड्या बोटांना मागच्या पट्ट्याची सँडल बरी. कोल्हापुरीचा नवा कडक अंगठा दुसऱ्या बोटाला घासतो. बधिर पायात तर कोणतीच अंगठ्याची चप्पल नको. त्यांच्यासाठी सूक्ष्मछिद्री रबराची, ज्याला दुकानात एमसीआर म्हणतात, ती चप्पल असते: आतून मऊ, खालून चिवट, खिळे न मारलेली आणि मागे पट्टा असलेली.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतले सेफ्टी शूज वेगळा त्रास देतात. पुढची पोलादी वाटी कितीही वापरली तरी सैल होत नाही, आणि उकिडवं बसलं की तिची मागची कड बोटांच्या मुळावर रुतते. म्हणून ‘घालून घालून बसेल’ या भरवशावर लहान मापाचा बूट घेऊ नका. रुंद माप मागा, घेताना तो घालून उकिडवं बसून बघा, आणि मोज्यांचा जादा जोड जवळ ठेवून मधल्या सुट्टीत बदला.

पाचवी पायरी: बोटांच्या फटी

इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूला भात लावणीत चिखलात उभं राहणाऱ्यांना आणि बागेत गमबूट घालून फवारणी करणाऱ्यांना हे सांगायला नको. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातली फट आधी पांढरी, भिजल्यासारखी होते, मग चिरते, खाजते, वास येतो. या चिखल्या. बहुतेक वेळा बुरशी असते.

पाय धुतल्यावर फडक्याचं टोक प्रत्येक फटीतून ओढून कोरडं करा. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे लावा. दहा दिवसांत खाज थांबते आणि लोक मलम बंद करतात. बुरशी तेव्हा संपलेली नसते, पुढच्या पावसात सगळं पुन्हा येतं. मेडिकलमधून मलम घेताना नळीवरचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने खाज लगेच थांबते आणि बुरशी आतून पसरते. तेल, व्हॅसलीन टाचांच्या भेगांना लावा, फटींत नको. गमबूट रात्री उलटे टांगा.

फटीतली चीर लहान दिसते, पण जंतू आत शिरण्याची ती वाट आहे. पायावर लाली चढू लागली, पाय गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर मलमाचं काम संपलं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्याच फटीत एक फसवं दुखणं असतं, ते म्हणजे मऊ कुरूप. शेजारच्या दोन बोटांची हाडं एकमेकांवर दाबून ते होतं आणि ओलसर जागेमुळे पांढरं दिसतं. चिखल्या पसरट असतात आणि खाजतात. मऊ कुरूप एकाच जागी असतं आणि दोन्ही बोटं एकत्र दाबली की टोचतं. त्यावर बुरशीचं मलम महिनोन्‌महिने लावूनही काही होत नाही, बोटांत कापसाची किंवा फोमची घडी ठेवून दाब कमी करावा लागतो.

कडक कुरूप बोटाच्या पेरावर किंवा करंगळीच्या बाहेरच्या अंगाला होतं. दाब काढला नाही तर कितीदाही काढलं तरी परत येतं. स्पर्श आणि रक्तपुरवठा ठीक असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून वज्रीने हलक्या हाताने घासा, एका बैठकीत सगळं नाही. कॉर्न कॅपमध्ये बहुधा 40 टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. त्याला मेलेली आणि जिवंत कातडी यांतला फरक कळत नाही, म्हणून चकती कुरपाएवढीच हवी. मधुमेहात ती लावूच नये. ब्लेड नको. आणि बिब्बा तर कोणालाच नको: त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. तळव्यावरच्या ‘कुरपात’ काळे ठिपके दिसत असतील आणि ते दोन बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखत असेल, तर तो चामखीळ आहे, त्याचा उपचार वेगळा.

सहावी पायरी: नखं

अंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापा. साधारण एक मिलिमीटर कड ठेवा आणि कोपरे कातडीच्या बाहेर दिसू द्या. अंगठ्याचं नख कोपऱ्यात खोल, गोल कापलं की आत एक बारीक कूस राहते. नख वाढताना ती मांसात घुसते. तिथे लाल होतं, ठणकतं, पू येतो. नखुरडं झालं म्हणून गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं, कारण कूस तशीच आत असते.

सुरुवातीलाच असेल तर कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पाय ठेवा. नंतर कापसाची पिळलेली बारीक वात नखाच्या कोपऱ्याखाली हळूच सरकवा, रोज बदला. बोटं उघडी राहतील अशी चप्पल घाला. पू असेल, लालसर मांस वर आलं असेल किंवा मधुमेह असेल तर घरी कोरत बसू नका. बोट बधिर करून नखाची फक्त ती कड काढतात आणि मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. पूर्ण नख उपटून टाकलं तर ते परत येताना पुन्हा रुतू शकतं.

नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं की लगेच बुरशी ठरवू नका. बुटाचा मार आणि सोरायसिस यांतही ते असंच दिसतं. खरवडून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मगच गोळ्या. नेहमीचं औषध टर्बिनाफिन, मोठ्या माणसाला रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे, आणि आधी यकृताची तपासणी. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, अंगठ्याचं पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष जातं. औषध संपल्यावरही नख खराबच दिसतंय म्हणून ते फसलं असं समजू नका. मुळाशी उगवणारं नवं नख स्वच्छ आहे का ते बघा.

काळ्या नखाचा फोटो दर महिन्याला काढा, शेजारी एक नाणं ठेवून. मुका मार असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो. तो जागचा हलत नसेल, पट्टा रुंदावत असेल किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. क्वचित तो कर्करोग असतो, आणि लवकर कळणं यातच सगळं आहे.

जोडवी, उंबरठा आणि लाल अंगठा

जोडवी, मासोळ्या पंधरा दिवसांनी काढून खालची कातडी धुऊन कोरडी करा. जोडव्याची उघडी टोकं आत वळलेली नाहीत ना, तेही पाहा. गरोदरपणात पाय सुजू लागले की आधीच काढून ठेवा. अडकलं तर पाय दहा मिनिटं उशीवर उंच ठेवा, साबण लावा आणि गोल फिरवत काढा. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर ओढाताण न करता कापून घ्यायला दवाखान्यात जा.

उंबरठ्याला ठेचकाळून लहान बोट सुजलं, पण सरळ असेल तर मध्ये कापूस ठेवून शेजारच्या बोटाला पट्टीने बांधा, तीन ते सहा आठवडे. अंगठा असेल, बोट तिरपं झालं असेल किंवा कातडी फाटली असेल तर एक्स-रे हवाच.

रात्रीतून अंगठ्याचं मूळ लाल, गरम झालं आणि चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर गाऊटचा संशय घ्या. 100 मिलिलिटर रक्तात युरिक आम्ल 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की त्याचे स्फटिक सांध्यात बसू लागतात. उपचारात ते 6 च्या खाली ठेवतात. ऐन झटक्यात रक्ताचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. जखम किंवा ताप सोबत असेल तर आधी जंतुसंसर्ग वगळावा लागतो.

काही लहान मुलांचं तिसरं-चौथं बोट आत वळलेलं असतं. चालायला अडत नसेल तर तीन-चार वर्षांपर्यंत नुसतं लक्ष ठेवा, बांधून ठेवण्याचा उपयोग होत नाही.

स्पर्श कमी निघाला असेल तर

अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. ब्रह्मगिरीची फेरी किंवा वणीची पायी वारी अनवाणी करण्याचा नवस असेल तर घरच्या मोठ्यांशी बोलून तो दुसऱ्या रूपात फेडा. भर उन्हात तापलेल्या दगडी फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि ते कळतं फोड फुटल्यावर. देवळात पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात, तेव्हा सकाळी लवकर जा आणि जाड सुती मोजे घाला. हिवाळ्यात शेकोटीकडे पाय करून बसू नका, गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. अंघोळीचं पाणी कोपराने बघा. वहाण घालण्याआधी उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. रोज रात्री फटींसह दोन्ही पाय बघा.

बोट काळं-निळं पडणं, जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणं, लाली वर चढणं, बधिर बोटावर कोणतीही जखम असणं: यात दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. वाकडेपणासाठी अस्थिरोग विभाग, नखं आणि चिखल्यांसाठी त्वचारोग, जखम आणि रुतलेल्या नखासाठी शल्यचिकित्सा. नाशकात सिव्हिल, नाशिकरोडला बिटको, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. जाताना साखरेचे जुने रिपोर्ट, चालू औषधांच्या पट्ट्या, लावलेल्या मलमाची नळी आणि नखाचे फोटो न्या. आणि पायात घालायची ती रोजची झिजलेली वहाणच घाला, नवी नको. तळ कुठे झिजलाय आणि पट्टा कुठे घासतोय, हे डॉक्टरांना त्याच वहाणेवरून कळतं.